सुनेच्या गाडीची बॅटरी

जपानला, सेंदाईला मी मुलाकडे गेले त्या हिवाळ्यात सुनेची गाडी दोनदा बंद पडून झाली होती. तिसऱ्यांदा बंद पडली असती तर तिची नोकरी गेली असती. तसं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिकडे तोंडावर कुणी काही म्हणत नाही. पण ती नोकरीला नवी होती, अजून पक्की झालेली नव्हती, आणि दोन्ही वेळा उशिरा पोचल्यावर प्रत्येकापुढे जाऊन वाकून माफी मागून आली होती. तिसऱ्यांदा वाकायची तिची तयारी नव्हती.

नोकरी म्हाताऱ्या माणसांच्या निवासात. त्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. पुण्याला कॉमर्स शिकलेली मुलगी. नवऱ्यामागून तिकडे गेली, काही वर्षं घरात बसून काढली आणि मग हे काम स्वतः शोधून घेतलं. निवास टेकडीवर. सकाळची पाळी पहिल्या बसच्या आधी सुरू होते. म्हणजे गाडी नाही तर काम नाही, इतकं सरळ होतं.

मुलगा विद्यापीठात संशोधन करतो. मेट्रोने जातो, रात्री जेवायला येतो. त्याला गाडी लागत नाही. जेवताना तो म्हणाला, "आता सरकारी तपासणी जवळ आलीये गाडीची, खर्च येईल. त्यापेक्षा काढूनच टाकू. ही बघेल दुसरं काहीतरी, स्टेशनजवळचं."

 सुनेने कुकरचं झाकण जरा जोरात ठेवलं.

मी विचारलं, "गाडीला झालंय काय?"

"बॅटरी उतरते."

"ते कळलं. का उतरते?"

"अगं आई, जुनी गाडी आहे."

"मीपण जुनी आहे. मला कधी काढून टाकतोस?"

तो हसला. सून हसली नाही, पण माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मला नको होती. खाल्ली.

आमचं दोघींचं तोवर फारसं बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं. ती दुपारी उशिरा कामावरून यायची, कधी संध्याकाळ व्हायची, दमलेली असायची. 'आई, चहा घेणार?' 'घेईन.' एवढंच. दोन खोल्यांचं घर, त्यात मी व्हिसावर आलेली पाहुणी. मी तिच्या वाटेतून बाजूला राहायची आणि ती माझ्या.

आता गाडीचं मला काय कळतं, ते सांगते. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. लग्न झाल्यावर मिरजेला आले, तर मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, एसटी स्टँडमागे डायनमो-बॅटरीचं दुकान. ट्रक, टेंपो, जीपगाड्या. दुपारी डबा घेऊन जायची आणि तिथेच बसायची. मालकांची नजर अधू झाली तेव्हा तांब्याची तार गुंडाळायचं काम माझ्याकडे आलं. पुढे मीटर लावून वीज मोजणंही आलं. मालक गेले, दुकान गेलं. पण गाडी सेल्फ मारताना कुठे अडते ते मला अजून कानाने कळतं.

रविवारी सुनेला सुट्टी होती. आदल्या दिवशी तिने मला समुद्रापर्यंत नेऊन आणलं होतं. फिरायला म्हणून नाही, बॅटरी भरावी म्हणून. येताना एका मोठ्या दुकानातून मीटर घेतला, एक बारका बल्ब, दोन वायरी आणि चिमटे. मीटर असा चकचकीत की ग्रीसचा हात लावायला नको वाटे.

गाडी घराखाली नसते. गल्ली ओलांडून खडी टाकलेली मोकळी जागा आहे, तिथे भाड्याने जागा घेऊन सगळे गाड्या लावतात. बर्फ पडणार असलं की वायपर उभे करून ठेवतात, नाहीतर काचेला चिकटतात. आम्ही गेलो तेव्हा सगळ्या गाड्या अशा हात वर करून उभ्या होत्या. शेजारच्या जागेतले आजोबा फावड्याने बर्फ ओढत होते. दोन्ही वेळा त्यांनीच आपल्या गाडीची केबल जोडून सुनेची गाडी सुरू करून दिली होती. त्यांनी आम्हाला बॉनेट उघडताना पाहिलं, मान लववली आणि परत बर्फ ओढायला लागले. पण कान आमच्याकडेच होते.

आधी गाडी सुरू न करता बॅटरी मोजली. साडेबारा व्होल्टच्या वर. बॅटरी चांगली. मग म्हटलं, सेल्फ मार. सेल्फ मारताना काटा खाली जातो, म्हणजे आता काटा नसतो, आकडे असतात. फार खाली गेला नाही. गाडी लागली आणि आकडा चौदावर चढला.

"चार्जिंग होतंय," मी म्हटलं.

सून आत बसून बघत होती. "म्हणजे काही बिघाड नाही?"

"थांब की जरा."

गाडी गरम झाली आणि आकडा खाली यायला लागला. साडेतेरा, तेरा, त्याच्याही खाली. मी म्हटलं, "हा बघ, डायनमो मरतोय." आणि खात्री करायला आम्ही मिरजेला जे करायचो तेच करायला गेले. गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. गाडी चालू राहिली तर डायनमो जिवंत, बंद पडली तर मेला. पान्हा नटाला लावला तोच सुनेने बाहेर येऊन माझं मनगट धरलं. घट्ट धरलं.

"आई, नका! त्याच्यात कॉम्प्युटर आहे. जळेल सगळा."

"आयुष्यभर असंच केलंय मी."

"तुम्ही केलंत त्या गाड्यांना डोकं नव्हतं."

"म्हणून तर बऱ्या चालायच्या."

आजोबांचं फावडं थांबलं होतं. दोन बायका एकमेकींचा हात धरून बॉनेटमध्ये भांडतायत, त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. सुनेने तसाच एका हाताने फोन काढून कुणाचं तरी लिहिलेलं वाचून दाखवलं: चालू गाडीची वायर कधीही काढू नये. पुढे आणखीही होतं. या गाड्या बॅटरी भरलेली असली की चार्जिंग आपणहून कमी करतात, पेट्रोल वाचवायला. म्हणून दिवे लावून मोजायचं.

तिने पुढचे दिवे लावले, मागच्या काचेचा हीटर लावला, पंखा मोठा केला. आमच्या काळात दिवे लावले की आकडा पडायचा. इथे तो वर चढला. परत चौदा.

मी दोनदा चुकले होते. तसं म्हटलं. "मी चुकले. डायनमो चांगला आहे."

तिने माझं मनगट सोडलं होतं, पण आता माझ्या स्वेटरला लागलेलं काळं ग्रीस पुसत होती. "मालकांनी शिकवलं तेव्हा बरोबरच असेल ना ते," ती म्हणाली. मी घरात त्यांना मालक म्हणते, तर तीही मालकच म्हणाली. तिने त्यांना पाहिलेलं नाही. मला ते ऐकायला बरं वाटलं, आणि मी पान्हा पिशवीत टाकला.

मग गाडी बंद केली आणि वीज कुठून गळते का ते पाहिलं. गाडी बंद असताना बॅटरीची वायर सोडवून मध्ये तो बारका बल्ब जोडायचा. गळत असेल तर बल्ब पेटतो. पेटला. सुनेचा चेहरा पडला. मी म्हटलं, दार नीट लाव आणि थांब. आम्ही तशाच थंडीत उभ्या राहिलो, नाकं पुसत. बल्ब मंद होत होत विझला. ते कॉम्प्युटरचं डोकं जागं झालं होतं, परत झोपलं. गळती नाही.

बॅटरी चांगली, डायनमो चांगला, गळती नाही. गाडी निरोगी होती.

"मग उतरते कशी?" रात्री मुलाने विचारलं.

"बघते."

"आई, दर वेळी कारण सापडतंच असं नसतं."

"सापडतं. आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो."

पुढे मी रोज सकाळी सुनेबरोबर खाली जायला लागले, अंधारातच, तिचे बर्फाचे बूट घालून. ती गाडी सुरू करायच्या आधी मी मीटर लावायची. सोमवारी सकाळी आकडा भरलेला होता, म्हणजे सुट्टीचा दिवस गेला तरी बॅटरी उतरली नव्हती. मंगळवारी कमी. बुधवारी आणखी कमी, सेल्फ जड आवाजात फिरला.  लागली गाडी. तिने खिडकी खाली करून "येते आई" म्हटलं आणि गेली.

कामाचा दिवस असला की बॅटरी उतरते, सुट्टीला उतरत नाही. रस्ता जवळचा, तेवढ्यात बॅटरी पुरती भरत नाही हे खरं, पण इतकी उतरायचीही नाही. मग कुठे जाते?

गुरुवारी सकाळी काच दिसली. बाहेरून तर सगळ्याच गाड्यांना बर्फ असतो. ही काच आतून गोठली होती. बारीक पांढरी साय, नखाने खरवडली तर निघाली. सुनेने पंख्याने ती घालवली आणि निघाली.  ती गेल्यावर मी शेजारच्या गाड्यांच्या काचा पाहत फिरले. आतून एकही गोठलेली नव्हती.

तेव्हा मला मालकांचा पहिला प्रश्न आठवला. मिरजेला ट्रकवाला यायचा, डायनमो बिघडला म्हणून शपथा घ्यायचा. मालक मीटरला हात लावायच्या आधी विचारायचे, "बंद गाडीत कोण बसतं?" ट्रकवाला आधी कोणी नाही म्हणायचा. मग निघायचं, रात्री केबिनमध्ये झोपतो, टेप लावतो, दिवा असतो. काच आतून ओली होते ती श्वासाने. हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. पण ट्रकवाल्याला विचारतात तसं सुनेला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. घर असताना बंद गाडीत कोण कशाला बसेल?

त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी शाल गुंडाळून गल्लीच्या पलीकडे गेले. तिकडे हिवाळ्यात दिवस लवकर संपतो. गाडी आलेली होती. इंजिन बंद. त्या जागेत पाटी आहे, गाडी चालू ठेवून उभं राहू नका, शेजारच्या घरांना त्रास होतो. म्हणून इंजिन बंद, पण किल्ली फिरवलेली. आतला दिवा लागलेला, पंखा चाललेला, फोन चार्जिंगला लावलेला. सून कोट घालून सरळ बसली होती आणि समोरच्या काचेशी बोलत होती.

फोनवर नव्हे. काचेशीच. जपानीत. एक वाक्य म्हणायची, थांबायची, तेच परत म्हणायची. मध्येच मान लववायची. मग पहिल्यापासून.

मी काचेवर टकटक केलं तर ती इतकी दचकली की हॉर्न वाजला. मी दुसऱ्या बाजूने आत जाऊन बसले.

"रोज बसतेस?"

"कामावरून आले की. थोडा वेळ."

"काय म्हणतेस काचेला?"

तिने आधी पंखा बंद केला. मग सांगितलं. पाळी संपताना पुढच्या पाळीच्या बायकांना सगळं तोंडी सांगावं लागतं. कोणी काय खाल्लं, कोणाला ताप, कोणी पडलं. सगळ्या उभ्या राहून ऐकतात. आतापर्यंत दुसरी बाई तिच्यासाठी सांगायची. महिनाअखेरीला तिला एकटीने सांगायचं होतं. ते जमलं तर नोकरी पक्की.

"मग घरात म्हण की."

"घरी हा असतो. तो चुका काढतो. प्रेमानेच काढतो, पण काढतो. मग मला पुढचं आठवत नाही."

"हा रात्री येतो. संध्याकाळी घरी मी असते."

ती फोनची वायर गुंडाळायला लागली. म्हणजे तेच होतं. सासूसमोर अडखळायची तिला लाज वाटत होती. मी घरात आले आणि तिची बोलायची जागा गेली. मी यायच्या आधीही ती कधी कधी गाडीत बसायची म्हणा, गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी मिरजेत होते. तेव्हा लायब्ररीतून, बाजारातून आली की बसायची. आता मात्र रोज.

"तुला ठाऊक होतं, बॅटरी याने उतरते?"

"मला वाटलं एवढ्याशा दिव्याने काय होतंय. मग तुम्ही बल्ब लावून शोधायला लागलात तेव्हा वाटलं, सांगावं. पण तुम्ही इतक्या मनापासून शोधत होतात."

"शहाणी आहेस. थंडीत उभं केलंस मला."

"सॉरी, आई."

"वाकून म्हण."

ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा दात दिसतील असं हसली. काच धुरकट झाली होती. मी शालीच्या टोकाने पुसली.

"किल्ली काढ," मी म्हटलं. "वर चल. मला जपानीचं एक अक्षर कळत नाही. मी काय डोंबल चुका काढणार?"

त्या दिवसापासून संध्याकाळी ती आली की आधी चहा व्हायचा, मग मी रॉकेलच्या हीटरपाशी बसायची आणि ती माझ्यासमोर उभी राहून सांगायची. मी काही न समजता ऐकायची. तसं ऐकायची मला सवय आहे. इंजिन बोलतं तेही मला समजत नाही, पण कुठे अडलं ते कळतं. हिचा आवाज सुरुवातीला चांगला निघायचा आणि मध्ये एका ठिकाणी रोज पडायचा. रोज तिथेच. पुढे परत सावरायचा.

मी तिसऱ्या की चौथ्या दिवशी थांबवलं. "इथे काय आहे?"

"कुठे?"

"आत्ता जे हळू म्हणालीस तिथे."

ती हीटरकडे बघत राहिली. "एक आजी आहेत. त्या जेवत नाहीत. मी भरवते तेव्हा तर मुळीच नाही. तोंड फिरवतात. ते रोज सांगावं लागतं, मी भरवलं पण त्यांनी खाल्लं नाही."

"मग मोठ्याने सांग."

"सगळ्यांना वाटेल, हिला जमत नाही."

"वाटू दे. म्हातारं माणूस जेवत नाही ही गोष्ट हळू सांगायची नसते. पुढच्या बाईला ऐकू गेलं नाही तर ती रात्रीचंही भरवणार नाही."

तिने ते वाक्य परत म्हटलं. अजून हळूच. मी म्हटलं, परत. पाच-सहा वेळा झालं. शेवटच्या वेळी इतक्या मोठ्याने म्हणाली की खालच्या घरातल्यांनी छताला काठी मारली. आम्ही दोघी गप्प बसलो आणि मग हसू आवरेना.

मुलाने एकदा विचारलं, "बॅटरीचं काय झालं शेवटी?"

"आतला दिवा चालू राहत होता."

"एवढंच?"

"एवढंच."

तो बायकोकडे बघायला लागला. ती ताटं उचलत होती. "बघ," तो म्हणाला, "मी किती वेळा सांगितलं, उतरताना बघत जा." मी त्याला म्हटलं, "तू जेव. चुका काढू नकोस." गाडी काढून टाकायचं त्यानंतर त्याने नाव घेतलं नाही. तपासणीला दिली, पास झाली.

महिनाअखेरीच्या सकाळी मी खाली गेले. मीटर नेला नाही. गाडी पहिल्या सेल्फला लागली. शेजारचे आजोबा काच साफ करत होते, त्यांनी थांबून ऐकलं आणि मला अंगठा दाखवला. दुपारी सून आली ती बुटांसकट दारात उभी राहिली. म्हणाली, "सांगितलं." मी विचारलं, "आजींचं?" "तेही. मोठ्याने." मग म्हणाली की मुख्य बाईंनी तेवढंच वाक्य परत विचारलं आणि आजींना उद्यापासून दुसऱ्या वेळी, दुसरं काही देऊन बघू म्हणाल्या. नोकरी पक्की झाली ते तिने बूट काढल्यावर सांगितलं.

व्हिसा संपला आणि मी मिरजेला परत आले. आता माझं दुपारचं जेवण होऊन भांडी घासायची वेळ झाली की फोन वाजतो. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. ती नमस्कार-बिमस्कार काही करत नाही, एकदम जपानीत सुरू होते. मला वाटतं आता तिला सरावाची गरज नसावी. मी फोन फळीवर ठेवते आणि भांडी घासत ऐकते. कुठे आवाज पडला तर म्हणते, परत. ती परत म्हणते.

काल मागे पंख्यासारखी घरघर ऐकू आली.

"कुठून बोलतेस?"

"घरातून, आई."

"गाडीत नाहीस ना?"

"नाही हो. हीटर आहे तो."

"हं," मी म्हटलं. "मग बोल."